पर्थ, एप्रिल २०१०: फ्लूच्या एका लशीचं प्रकरण

२०१० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, प्रिन्सेस मार्गारेट बालरुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, तापात आकडी आलेली मुलं एकापाठोपाठ एक येऊ लागली. तापातली आकडी ही बालरोगतज्ज्ञांना नवी गोष्ट नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती एकदा तरी येते, आईवडिलांची घाबरगुंडी उडते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत मूल शांत होतं. डॉक्टरांना खटकलं ते वेगळंच. विचारपूस केली की बरेच पालक एकच गोष्ट सांगत होते: आजच फ्लूची लस दिली.

लशींच्या दुष्परिणामांवर वाद घालताना लोक बहुधा १९९८ चा ऑटिझमचा निबंध काढतात, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा. मला पर्थचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे दुष्परिणाम खरा होता. तो कसा दिसला, कसा मोजला गेला, कारण कुठे सापडलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सगळं बऱ्यापैकी नोंदलेलं आहे. योगायोग असा की ऑटिझमचा तो निबंध ‘लॅन्सेट’ने मागे घेतला तोही २०१० च्याच फेब्रुवारीत. एक खोटा इशारा मोडीत निघाला आणि दोन महिन्यांत एक खरा समोर आला.

पार्श्वभूमी

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात २००७ च्या हिवाळ्यात तीन लहान मुलं फ्लूच्या संसर्गात दगावली. त्यानंतर २००८ पासून राज्य सरकारने सहा महिने ते पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. बाकीच्या राज्यांत असा सरसकट कार्यक्रम नव्हता. तिथे या वयाच्या फार थोड्या मुलांना फ्लूची लस मिळत होती. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्याला महत्त्व आहे.

२०१० मध्ये बाजारात मुलांसाठी मुख्यतः तीन कंपन्यांच्या लशी होत्या. ऑस्ट्रेलियन कंपनी सीएसएलची फ्लूव्हॅक्स आणि तिचंच लहान मुलांसाठीचं रूप फ्लूव्हॅक्स ज्युनिअर, सोल्वेची इन्फ्लुव्हॅक आणि सनोफी पाश्चरची व्हॅक्सिग्रिप. तिन्हींत विषाणूंचे प्रकार तेच, कारण ते जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने ठरतात. २०१० च्या लशीत मागच्या वर्षीच्या तुलनेत तिन्ही प्रकार नवे होते: ए/कॅलिफोर्निया/७/२००९ (म्हणजे स्वाइन फ्लूचा एच१एन१), ए/पर्थ/१६/२००९ आणि बी/ब्रिस्बेन/६०/२००८.

फ्लूच्या लशीची ही गोची मुळातली आहे. गोवराची लस एकदा सिद्ध झाली की वर्षानुवर्षं तीच राहते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लशीतले प्रकार जवळपास दर वर्षी बदलावे लागतात, आणि निवड झाल्यापासून लस दंडात टोचली जाईपर्यंत हातात सहा-सात महिने असतात. तेवढ्यात हजारो मुलांवर नवी चाचणी शक्यच नसते. म्हणून गृहीत असं धरलं जातं की बनवण्याची पद्धत तीच आहे, तर प्रकार बदलल्याने सुरक्षिततेत मोठा फरक पडणार नाही. बहुतेक वर्षी हे गृहीतक टिकतं. त्या वर्षी ते टिकलं नाही.

काय घडलं

लसीकरण मार्चमध्ये सुरू झालं. एप्रिल उजाडता उजाडता ताप, उलट्या आणि आकडीच्या तक्रारी वाढल्या. लस सकाळी किंवा दुपारी दिली असेल तर त्याच संध्याकाळी किंवा रात्री मूल तापाने फणफणायचं आणि काहींना आकडी यायची. २२ एप्रिलला पश्चिम ऑस्ट्रेलियाने पाच वर्षांखालच्या मुलांचं फ्लू लसीकरण थांबवलं. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी देशभर तोच आदेश दिला.

पुढे राज्यातल्या रुग्णालयांच्या नोंदी आणि लसीकरणाची माहिती जुळवून जो हिशेब झाला, त्यात पश्चिम ऑस्ट्रेलियात पाच वर्षांखालच्या मुलांना दिलेले १८,८१६ डोस आणि त्यांच्याशी जोडता येणाऱ्या ६३ आकड्या निघाल्या. म्हणजे हजार डोसांमागे ३.३. फ्लूच्या लशीनंतर अपेक्षित प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी मानलं जात होतं. शिवाय या डोसांत दुसऱ्या कंपन्यांच्या लशीही होत्या, आणि वाढ मात्र सीएसएलच्या लशीशी जोडलेली निघाली. म्हणजे फक्त सीएसएलचे डोस भाजकात धरले, तर प्रमाण याहून चढं.

हे आकडे वाचताना दोन्ही बाजूंनी घसरायला होतं. हजारात ३.३ म्हणजे हजारातल्या जवळपास ९९७ मुलांना आकडी आली नाही, आणि ज्यांना आली त्यातली बहुतेक पूर्ण बरी झाली. हे खरंच आहे. पण निरोगी मुलाला देण्याच्या गोष्टीचा निकष वेगळा असतो. आजारी मुलाच्या औषधात जे चालवून घेता येतं, ते धडधाकट मुलाच्या लशीत चालत नाही. शिवाय सगळीच मुलं बरी झाली नाहीत. एका बाळाच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि त्याच्या कुटुंबाने पुढे न्यायालयाची वाट धरली. तापातली आकडी निरुपद्रवी असते, असं सरधोपट सांगणाऱ्यांनी हे कुटुंब आठवावं. दुसऱ्या एका राज्यात लस घेतल्यानंतर लगेच एका लहान मुलाचा मृत्यू झाला होता. शवविच्छेदनातून आणि चौकशीतून कारण नक्की ठरलं नाही. वर्तमानपत्रांनी मात्र दोन्ही घटना एकाच बातमीत बांधल्या. आकडीच्या बाबतीत हजारो डोसांमागचा हिशेब मांडता येत होता, मृत्यूच्या बाबतीत तो मांडता येत नव्हता.

लसच कारण, हे कशावरून

लशीनंतर काही घडलं, म्हणून लशीमुळे घडलं असं होत नाही. पहिल्या दोन वर्षांत मुलांना इतक्या लशी दिल्या जातात की त्या वयात जे काही घडेल ते कुठल्या ना कुठल्या लशीनंतरच घडतं. पर्थमध्ये मात्र पुरावा एकाच दिशेने साचत गेला.

पहिली गोष्ट वेळेची. आकड्या लशीनंतर महिनाभर विखुरलेल्या नव्हत्या, त्याच दिवशी काही तासांच्या पट्ट्यात दाटलेल्या होत्या. प्रत्येक लशीचा असा स्वतःचा वेळ असतो आणि तो तिच्या घडणीवरून येतो. गोवर-गालगुंड-रुबेला लशीत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते शरीरात वाढायला वेळ घेतात, म्हणून तिच्यामुळे येणारा ताप आणि क्वचित येणारी आकडी साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास दिसते. हे प्रमाण तीन ते चार हजार डोसांमागे एक असं आहे. फ्लूच्या टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. तिच्यामुळे ताप यायचा तर तो लगेच येणार. गोवराच्या लशीनंतर दुसऱ्या दिवशी आलेल्या तापाचं कारण बहुधा दुसरंच काही असतं. फ्लूच्या लशीनंतर दहाव्या दिवशी आलेल्या तापाचंही तसंच.

दुसरी गोष्ट ब्रँडची. इन्फ्लुव्हॅक आणि व्हॅक्सिग्रिप घेतलेल्या मुलांत अशी वाढ दिसली नाही. न्यूझीलंडमध्येही फ्लूव्हॅक्सबाबत तसाच ताप आणि आकड्या दिसल्या. मुलं वेगळी, देश वेगळा, लस तीच. ऑटिझमच्या निबंधात यातलं काहीच नव्हतं. बारा मुलं, तुलनेसाठी गट नाही, किती मुलांना लस दिली त्याचा पत्ता नाही. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली, तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक निघाला नाही. खरा दुष्परिणाम नीट मोजला की ठळक होत जातो, खोटा विरत जातो.

पहिला संशय साहजिकच स्वाइन फ्लूच्या विषाणूवर गेला, कारण लोकांच्या डोक्यात तेच नाव होतं. तो टिकला नाही. सीएसएलचीच फक्त एच१एन१ विरुद्धची पॅनव्हॅक्स ही लस त्याआधी काही महिने ऑस्ट्रेलियातल्या मुलांना दिली गेली होती आणि तिथे असा प्रकार दिसला नव्हता. शिवाय तोच विषाणू बाकी दोन कंपन्यांच्या लशींतही होता. मग एखादी खराब बॅच? तपासण्यांत तसंही काही निघालं नाही. तक्रारी एका बॅचपुरत्या नव्हत्या, आणि जंतूंचा किंवा त्यांच्या विषाचा अंशही सापडला नाही. नियमाप्रमाणे ज्या ज्या चाचण्या लागू होत्या, त्यांत लस पास झाली होती. या प्रकरणातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. चोर सापडला असता तर बरं वाटलं असतं.

कारण अखेर कारखान्यातच मिळालं, पण ते चूक म्हणावी असं नव्हतं. फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, रसायनाने निष्क्रिय करतात आणि मग साबणासारख्या द्रव्याने त्याचं कवच फोडतात. फोडल्यावर प्रथिनं हवी असतात, कवचातली चरबी आणि आतला आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, जितका निघून जाईल तितकं बरं. सीएसएल त्यासाठी डीऑक्सीकोलेट वर्गातलं द्रव्य वापरत होती. कंपनीने नंतर केलेल्या प्रयोगांत दिसलं की २०१० च्या प्रकारांवर, विशेषतः बी/ब्रिस्बेनवर, ते प्रमाण पुरेसं पडलं नाही. आरएनएचे तुटके तुकडे आणि त्यांना पेशीत घेऊन जाणारी चरबी लशीत उरली. शरीराला हे तुकडे म्हणजे खऱ्या विषाणूचा हल्ला वाटतो आणि ताप चढवणारी रसायनं भराभर सुटतात. मोठ्या माणसाच्या शरीराने फ्लूचे अनेक हंगाम पाहिलेले असतात, त्यामुळे प्रौढांत गोष्ट ताप-अंगदुखीवर भागली. लहान मुलाचा मेंदू चढत्या तापाला आकडीने उत्तर देतो.

बाकीच्या कंपन्या हे काम वेगळ्या द्रव्याने आणि वेगळ्या रीतीने करत होत्या, म्हणून त्याच विषाणूंपासून बनलेल्या त्यांच्या लशी वेगळ्या वागल्या. ‘फ्लूची लस सुरक्षित आहे का’ हा प्रश्न म्हणूनच मला अर्धवट वाटतो. कोणत्या कंपनीची, कोणत्या हंगामाची, किती वयाच्या मुलाला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

इशारा उशिरा का पोचला

लस थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उशीर झाला, याबद्दलही नाही. राज्य सरकारने प्राध्यापक ब्रायंट स्टोक्स यांच्याकडे चौकशी सोपवली आणि तिने माहिती पोचण्यातल्या ढिलाईवर बोट ठेवलं. तक्रार नोंदवायची ती डॉक्टर, परिचारिका किंवा पालकांनी आपणहून. ती राज्याच्या कार्यालयात जाणार, तिथून केंद्राच्या औषध नियामकाकडे, म्हणजे थेराप्युटिक गुड्स ॲडमिनिस्ट्रेशनकडे. कागद प्रत्येक टेबलावर थोडा थांबला. आणि कागद पोचला तरी त्यावर फक्त अंश होता, म्हणजे त्रास झालेली मुलं. किती मुलांना लस दिली, हा भाजक कुठेच एका जागी नव्हता.

इथे तो आधीचा तपशील कामाला येतो. गडबड पर्थमध्ये पकडली गेली, कारण त्या एकाच राज्यात लहान मुलांना एकगठ्ठा लस दिली जात होती आणि आकडी आलेली बरीचशी मुलं एकाच बालरुग्णालयात येत होती. सिडनीत किंवा मेलबर्नमध्ये तीच लस थोड्या मुलांना, वेगवेगळ्या दवाखान्यांत दिली जात होती. तिथल्या प्रत्येक डॉक्टरला आकडीचं एखादंच मूल दिसलं असेल, आणि एका मुलावरून कोणाला काही सुचत नाही. खुद्द कंपनीच्या आधीच्या बालचाचणीत तापाचं प्रमाण चढं दिसलं होतं. पण ती चाचणी लहान होती आणि तापाला तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

हजारात तीन हे प्रमाण एका रुग्णालयाच्या डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं होतं. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर गिलाँ-बारे सिंड्रोम नावाचा मज्जातंतूंचा आजार वाढला, तो लाखात सुमारे एक इतकाच जादा होता. कोट्यवधी लोकांना लस दिली गेली म्हणूनच तो उमगला. २००९-१० मध्ये युरोपात वापरलेल्या पॅन्डेमरिक्स या लशीनंतर मुलांत आणि किशोरांत नार्कोलेप्सी, म्हणजे अनावर झोपेचा विकार, वाढल्याचं फिनलंड आणि स्वीडनमध्ये कळलं, तेही राष्ट्रीय नोंदींच्या जोरावर. असे विरळ परिणाम मंजुरीपूर्वीच्या चाचणीत सापडावेत ही अपेक्षाच चुकीची आहे, कारण काही हजार लोकांच्या चाचणीत लाखातला एक कसा दिसणार?

प्रमाण कमी असेल तर तोच दुष्परिणाम वेगळ्या निर्णयाकडे नेतो. २०१०-११ च्या हंगामात अमेरिकेत फ्लूची लस आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची पीसीव्ही१३ लस एकाच दिवशी दिली तर तापातल्या आकड्या वाढतात, हे तिथल्या विमा-रुग्णालयांच्या जोडलेल्या नोंदींनी पकडलं. सोळा महिन्यांच्या आसपासच्या वयात धोका सगळ्यात जास्त होता, लाख डोसांमागे सुमारे ४५. त्यांनी वेळापत्रक बदललं नाही, पालकांना सांगायची माहिती बदलली. लाखात ४५ आणि हजारात ३.३ यांत सातपटीहून अधिक अंतर आहे. पर्थच्या बाबतीत तर नंतरच्या एका हिशेबानुसार, फ्लूमुळे रुग्णालयात जाणं टळलेल्या प्रत्येक मुलामागे लशीमुळे आलेल्या आकडीने दोन-तीन मुलं रुग्णालयात गेली असावीत. इतका उलटा हिशेब निघाल्यावर थांबवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पुढे

जुलै २०१० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाने लहान मुलांचं फ्लू लसीकरण पुन्हा सुरू केलं, पण इन्फ्लुव्हॅक आणि व्हॅक्सिग्रिप वापरून. फ्लूव्हॅक्स पाच वर्षांखाली बंदच राहिली. अमेरिकेत हीच लस अफ्लुरिया नावाने विकली जायची. तिथल्या सल्लागार समितीने ऑगस्टमध्ये ती सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांना देऊ नका असं सांगितलं. कंपनीने कवच फोडणाऱ्या द्रव्याचं प्रमाण वाढवलं, नव्या पद्धतीने बनवलेल्या चार प्रकारांच्या लशीच्या मुलांवर चाचण्या झाल्या आणि २०१८ मध्ये ती अमेरिकेत सहा महिन्यांच्या मुलांपासून मान्य झाली. म्हणजे एका त्रुटीवरून मान्यतेपर्यंत जायला आठ वर्षं लागली.

नोंदींचं तंत्रही बदललं. पर्थच्याच एका कुटुंबवैद्याने स्मार्टव्हॅक्स नावाची व्यवस्था उभी केली होती. लस दिल्यानंतर काही दिवसांनी पालकांच्या फोनवर साधा संदेश जातो: काही त्रास झाला का? हो की नाही, एवढंच उत्तर. ‘हो’ आलं तर पुढचे प्रश्न. २०१४ पासून ऑसव्हॅक्ससेफ्टी हा राष्ट्रीय उपक्रम अशा उत्तरांवर चालतो. यात ‘नाही’ म्हणणारेही मोजले जातात, म्हणजे भाजक आपोआप हाती येतो. दवाखान्यात कागद भरणाऱ्या डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही. फ्लूची लस घेतलेली लहान मुलं हा त्यांनी सुरुवातीला नजरेखाली घेतलेला गट होता, यात नवल नाही.

पालकांचा विश्वास मात्र संदेश पाठवून परत आला नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात लहान मुलांच्या फ्लू लसीकरणाचं प्रमाण कोसळलं आणि कित्येक वर्षं खालीच राहिलं, जरी आता दिली जाणारी लस दुसऱ्याच कंपनीची होती. काही डॉक्टर याला अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या पालकांनी सरकारच्या सांगण्यावरून मुलाला लस दिली आणि त्याच रात्री रुग्णवाहिका बोलावली, त्यांनी पुढच्या वर्षी हात आखडता घेतला तर त्यांना अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यांना हवा होता तो नेमका खुलासा: कोणती लस, काय चुकलं, आता काय वेगळं आहे. तो त्यांना तुकड्यातुकड्याने आणि बऱ्याच उशिरा मिळाला. कवच फोडण्याच्या द्रव्याचा शोध प्रयोगशाळेतून छापून यायला २०१४ उजाडलं.

दरम्यान फ्लू थांबला नव्हता. २०१७ चा हंगाम ऑस्ट्रेलियाला फार जड गेला. त्यानंतर २०१८ मध्ये बहुतेक राज्यांनी पाच वर्षांखालच्या मुलांना फ्लूची लस मोफत केली, आणि २०२० मध्ये ती सहा महिन्यांपासून राष्ट्रीय कार्यक्रमात आली. तिथे आज दर हंगामात कोणत्या ब्रँडची लस कोणत्या वयाला चालते, याचा तक्ता लसीकरण करणाऱ्यांच्या हातात आधी दिला जातो.